दोष नळीचा नव्हता

सप्रेम नमस्कार,

जुन्या वस्तू घेताना होणाऱ्या फसवणुकीवरचा लेख वाचला. मी न्यूझीलंडला असतो. इथे परवाना काढून हरणांची शिकार करता येते. गेल्या वर्षी जुनी .३०८ (म्हणजे ०.३०८ इंच जाडीच्या गोळीची) रायफल घेतली. १०० मीटरवर पाच गोळ्या वीतभर पसरायच्या! विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या, नळीच झिजलीय असं ठरवूनही टाकलं. क्लबातल्या एका आजोबांनी रायफलीवरची नेमाची दुर्बीण नुसती हाताने हलवली: तिच्या बैठकीचे स्क्रू ढिले. ते आवळले. मग गोळ्यांच्या आवरणाचं नळीत साचलेलं तांबं, नळीतून फिरवलेल्या चिंधीवर त्याचा निळा डाग येईनासा होईपर्यंत, रसायनाने काढलं. आता त्याच गोळ्या दोन बोटांच्या रुंदीत बसतात. नवी नळी मागवणारच होतो. रायफलीच्या धक्क्याने खांदा मात्र अजून दुखतोय.

– एक वाचक, ऑकलंड