काटे राहू द्या, वेळापत्रक बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे करून वीज वाचवावी, असे आपल्याकडेही अधूनमधून सुचवले जाते. माझा मुलगा जर्मनीत असल्याने हा प्रकार आम्ही वर्षातून दोनदा अनुभवतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी आमच्यातला फरक साडेचार तासांवरून साडेतीनवर येतो आणि चार वर्षांचा नातू पुढचे आठ दिवस ‘अजून उजेड आहे’ म्हणत झोपायला तयार होत नाही.

१९१६ मध्ये जर्मनीने ही पद्धत सुरू केली ती युद्धात कोळसा वाचावा म्हणून, आणि तेव्हा घरातली वीज मुख्यतः दिव्यांना लागत असे. आज ती पंखे, कूलर आणि एसीला लागते. अमेरिकेतील इंडियाना राज्याने २००६ मध्ये ही पद्धत सर्वत्र लागू केली, तेव्हा घरगुती विजेचा वापर घटण्याऐवजी सुमारे एक टक्क्याने वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. युरोपीय संसदेने तर २०१९ मध्येच ती बंद करण्याच्या बाजूने मतदान केले; सदस्य देशांचे एकमत न झाल्याने ती रेंगाळली आहे. आपल्याकडेही १९४२ ते १९४५ या युद्धकाळात घड्याळे तासभर पुढे होती, ती युद्ध संपताच मागे आली.

बर्लिनमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात नऊ तासांचा फरक पडतो, उदगीरला जेमतेम दोन तासांचा. आपली अडचण उजेडाची नाहीच, उन्हाची आहे, आणि तिच्यावर सकाळच्या शाळेचा उपाय आपल्या लोकांनी काट्याला हात न लावता केव्हाच शोधला आहे. मात्र माझ्या नोकरीच्या काळात त्याचा आदेश अनेकदा मार्च निम्मा सरला तरी हाती पडत नसे. दुपारी दोनच्या सुमारास वरचे पत्रे तडतडू लागत आणि पहिलीची मुले पाटीवर गाल टेकून बसत, कारण वर्गात तेवढी एकच वस्तू गार लागत असे. ती मुले मला अजून दिसतात.

म्हणून विनंती अशी की, मराठवाड्यात १ मार्चपासून सकाळची शाळा भरेल हे शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच जाहीर करावे, आणि रोजगार हमीच्या कामांवरही त्याच दिवसापासून दुपारची सुट्टी सक्तीची करावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
उदगीर, जि. लातूर