व्हिएन्नातले मोकळे तास आणि केकचा खटला

महोदय,

रविवार पुरवणीतल्या प्रवासावरच्या लेखात ‘दोन विमानांच्या मधल्या पाच-सहा तासांत शहर काय कळणार? त्यापेक्षा विमानतळावर पाय पसरून बसावे’ असा सल्ला वाचला. तो पटला नाही, म्हणून हे पत्र.

नोव्हेंबरात ऑस्ट्रियातल्या लिंझहून, लेकीकडून परतताना आमची गाडी सकाळीच व्हिएन्नाच्या मुख्य स्थानकात लागली, विमान रात्रीचे. बॅगा लॉकरमध्ये टाकल्या आणि मेट्रोने दोन स्टेशने पुढे कार्ल्सप्लाट्झला उतरलो. राजवाडे, संग्रहालये यांच्या नादी लागायचेच नाही, हे आधीच ठरले होते. उभी हयात साताऱ्याच्या कोर्टात गेलेली, तेव्हा मला तिथला एक गाजलेला खटला चाखायचा होता.

खटला चॉकलेट केकचा. १८३२ मध्ये ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निख याच्या मुदपाकखान्यात सोळा वर्षांच्या शिकाऊ उमेदवाराने, फ्रान्झ झाखरने, तो प्रथम केला असे सांगतात. त्याचा मुलगा एडुआर्ड डेमेल या मिठाईवाल्यांकडे शिकला आणि १८७६ मध्ये त्याने ऑपेराच्या मागे हॉटेल झाखर काढले. १९३४ मध्ये हॉटेलचे दिवाळे निघाले. घराण्यातला पुढचा एडुआर्ड डेमेलकडे गेला, येताना केकचे हक्क घेऊन. हॉटेलच्या नव्या मालकांनीही ‘मूळ’ म्हणून तोच केक विकायला काढला आणि वाद पेटला. मध्ये महायुद्ध झाले, पुन्हा दावे लागले आणि अखेर १९६३ मध्ये तडजोड झाली. ‘मूळ झाखरटोर्ट’ (टोर्ट म्हणजे केक) हे नाव हॉटेलला, ‘एडुआर्ड झाखरटोर्ट’ डेमेलला. जर्दाळूचा जॅम केकच्या पोटात हवा की नको, लोणी की मार्गरिन (लोण्याऐवजी वापरतात ती वनस्पती चरबी), यावरही कोर्टात खल झाला होता. कंदी पेढ्याच्या प्रत्येक दुकानावर ‘जुने व प्रसिद्ध’ वाचत वाढलेल्या माणसाला हे सगळे फार घरचे वाटते.

आधी हॉटेलात गेलो. वर गोल चॉकलेटी शिक्का, जॅमचे दोन थर: एक मधोमध, एक चॉकलेटच्या लेपाखाली. लेपाला चमच्याची कड लावली की तो कटकन तुटतो. आतला केक कोरडाच, म्हणून शेजारी बिनसाखरेच्या फेटलेल्या सायीचा ढीग. ती साय वगळू नये.

मग पायीच केर्न्टनर रस्त्याने सेंट स्टीफनच्या चर्चपर्यंत, ग्राबेनवरून प्लेगच्या स्मारकस्तंभाला वळसा घालून कोलमार्क्टला. डेमेलमध्ये काचेपलीकडे कारागीर पीठ लाटताना दिसतात. मी तिथेच बराच वेळ रेंगाळलो. इथला शिक्का त्रिकोणी, जॅम फक्त लेपाखाली, त्यामुळे चॉकलेट ठसठशीत लागते. माझा निकाल: चवीत डेमेल, ओलाव्यात झाखर, खर्च ज्याचा त्याने सोसावा. तो दोन्हीकडे मीच सोसला आणि रक्कम लहान नव्हती.

सौभाग्यवतींची त्या दिवशी संकष्टी, त्यात केकमध्ये अंडी. त्यांनी रस्त्यावरच्या गाडीवर भाजलेल्या चेस्टनटची पुडी घेतली. शिंगाडे चालतात तर हे का चालू नयेत, हा त्यांचा युक्तिवाद मला खोडता आला नाही. चंद्रोदय तसाही विमानात होणार होता.

उरलेला वेळ एका साध्या कॉफीहाऊसमध्ये गेला. संपादकांना आवडेल म्हणून सांगतो: तिथे वर्तमानपत्रे लाकडी दांडीत अडकवून ठेवलेली असतात. कोणतेही घ्या, तासभर वाचा. छोट्या ट्रेमध्ये कॉफी, सोबत पाण्याचा ग्लास, त्यावर पालथा चमचा. मागितल्याशिवाय कोणी बिल आणत नाही. या कॉफीहाऊस-संस्कृतीची २०११ मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली आहे. शेजारच्या टेबलावर एक आजोबा शब्दकोडे सोडवत होते; त्यांची कॉफी केव्हाच संपली होती. शहर कळायला मला तेवढे पुरले.

फक्त विमान बदलायला उतरणाऱ्यांनी मात्र बाहेर पडण्यासाठी शेंगेन व्हिसा हातात असल्याची खात्री करावी, आणि रविवार असला तरी कचरू नये. तिथली बहुतेक दुकाने त्या दिवशी बंद असतात, कॉफीहाऊसे उघडी.

– एक निवृत्त वकील, सातारा