नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र : पेठेला मदत पुराआधी द्या

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

लहान शहरांच्या पेठा मोडकळीला आल्या आहेत, दुकानदारांना थोडंफार अनुदान दिलं तर त्या पुन्हा उभ्या राहतील का, असा प्रश्न वरचेवर विचारला जातो. चिपळूणला याचा अनुभव आहे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि काही ठिकाणी पहिल्या मजल्याला टेकलं. सरकारने दुकानदारांना 50 हजारांपर्यंत आणि टपरीवाल्यांना 10 हजारांपर्यंत मदत जाहीर केली. ती मोलाची होती, त्याबद्दल मनापासून आभार.

पण त्या 50 हजारांत काय भागतं, ते सांगायला हवं. माझं कापडाचं दुकान आहे. पाणी उतरल्यावर साड्यांचे गठ्ठे चिखलाने इतके जड झाले होते की एकेक उचलायला दोघं लागत. काउंटरचं प्लायवूड फुगून फुटलं होतं, शटर वर जात नव्हतं, वायरिंग पूर्ण गेलं होतं. गाळ काढायची मजुरी, शटर आणि वायरिंग एवढ्यातच रक्कम संपते. माल भरायला काही उरत नाही. आमचा माल उधारीवर येतो. जुनी उधारी पाण्यात गेलेली असताना नवा माल कोण देणार? त्या वर्षी गणपती होते 10 सप्टेंबरला, म्हणजे पुरानंतर जेमतेम सात आठवड्यांनी. चाकरमानी गावी येतात तेव्हाच कोकणातल्या दुकानदाराचा खरा धंदा होतो. हा हंगाम हुकला की पुढचं वर्षभर ओढाताण असते.

लहान रक्कम वायाच जाते, असं मात्र मी म्हणणार नाही. 2020 साली फेरीवाल्यांसाठी सुरू झालेल्या पीएम स्वनिधी या केंद्राच्या कर्जयोजनेत पहिलं कर्ज 10 हजारांचंच होतं. भाजीवाल्याला तेवढं पुरतं, कारण सकाळी घेतलेला माल संध्याकाळपर्यंत विकला जातो आणि तेच पैसे दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरतात. कापड, भांडी, हार्डवेअरवाल्याचं भांडवल महिनोन्‌महिने फळीवर अडकून पडतं. दोघांना एकाच मापाने मोजून कसं चालेल?

म्हणून माझी मागणी अशी की हेच लहान अनुदान पाऊस सुरू व्हायच्या आधी द्यावं. 2021 सारखा पूर रोज येत नाही. पण दोन-चार फूट पाणी पेठेला नवीन नाही, आणि तेवढ्यातही खालच्या फळ्यांवरचा माल जातो. भक्कम लोखंडी माळा, छातीच्या उंचीच्या वर नेलेला विजेचा बोर्ड आणि मीटर, पाण्याने न फुगणाऱ्या फळ्या यांना ही रक्कम हातभार लावेल. मोठ्या पाण्यात माळाही बुडेल, हे आम्हाला कळतं. त्यासाठी उंचावर पेठेचं सामायिक गोदाम हवं. ते एकट्या दुकानदाराच्या आवाक्यातलं नाही. नगरपरिषदेने बांधावं, भाडं आम्ही भरू. अनुदानही सुट्या अर्जांवर न देता गल्ली धरून द्यावं. दहा दुकानांपैकी तीनच उघडी राहिली तर गुहागरकडून एसटीने येणारं गिऱ्हाईक त्या गल्लीत पाऊल टाकत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याच खात्याशी संबंधित आहे. बरीचशी पेठ निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत येते, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या आणि बांधकामावर बंधनं आणणाऱ्या रेषांच्या आत. माल वाचवायला वरचा मजला चढवावा म्हटलं तर गाडं परवानगीपाशी अडतं. नवी बांधकामं रोखण्यामागचं कारण आम्हाला मान्य आहे. पण असलेल्या दुकानावर माल ठेवण्यापुरतं वर चढायला तरी वेगळा नियम करा.

वाशिष्ठीतला गाळ काढावा म्हणून 2021 च्या अखेरीस चिपळूणकरांना उपोषणाला बसावं लागलं. त्यानंतर उपसा झाला, पण नदी दर पावसाळ्यात नवा गाळ आणते. तो खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकातच धरा. नदीचं पात्र भरलेलं राहिलं, तर आम्हाला दिलेलं अनुदान पुढच्या पुरात पुन्हा गाळ काढण्यातच जाईल.

या तिन्ही बाबींवर पावसाळ्याआधी निर्णय व्हावा, ही विनंती.

आपला,
बाजारपेठेतला एक दुकानदार, चिपळूण