व्हायरस शिरला म्हणून लॅपटॉप मोडीत का काढायचा?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

बारावीचे निकाल लागून प्रवेशांची गडबड सुरू झाली की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात संगणक दुरुस्तीच्या दुकानांपुढे लॅपटॉपची रीघ लागते. दाखल्यांच्या स्कॅन प्रती, प्रवेश अर्ज, शिष्यवृत्तीचे महाडीबीटीवरचे अर्ज यांसाठी एकच पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून महा ई-सेवा केंद्रात आणि तिथून घरच्या लॅपटॉपपर्यंत फिरतो आणि वाटेत कुठे तरी व्हायरस सोबत घेऊन येतो. लॅपटॉप दुकानात नेला की पुष्कळ पालकांना एकच उत्तर मिळते, ‘व्हायरसने मशीन खराब झाले आहे, दुरुस्तीत पैसे घालू नका, नवीनच घ्या.’ मग आधीच फीच्या तजविजीत असलेले घर हप्त्यांवर नवा लॅपटॉप घेते. महाविद्यालयात संगणक शिकवताना हा प्रकार दरवर्षी पाहत असल्यामुळे त्याबद्दल सविस्तर लिहीत आहे.

व्हायरस हा एक प्रोग्राम असतो आणि तो डिस्कवर राहतो. यंत्राच्या सुट्या भागांना इजा करणारे व्हायरस झालेच नाहीत असे नाही. १९९८ साली पसरलेल्या ‘सीआयएच’ने २६ एप्रिल १९९९ रोजी अनेक संगणकांच्या बायोस चिपवरील (संगणक सुरू करणारा प्रोग्राम जिच्यात असतो त्या चिपवरील) मजकूर पुसून टाकला होता आणि २०१८ साली उघडकीस आलेला ‘लोजॅक्स’ मदरबोर्डवरील (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवरील) फर्मवेअरमध्येच, म्हणजे चिपमध्ये कायम साठवलेल्या प्रोग्राममध्येच, ठाण मांडत असे. परंतु ही अपवादात्मक उदाहरणे आहेत. आपल्याकडच्या घरगुती लॅपटॉपमध्ये जे आढळते ते बहुतेक फाइली लपवून त्यांच्या जागी खोटे दुवे ठेवणारे शॉर्टकट व्हायरस, जाहिराती उघडणारे प्रोग्राम, पासवर्ड चोरणारे प्रोग्राम किंवा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर असते, आणि डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने घातले की यांपैकी जवळजवळ सगळे नाहीसे होते. म्हणून लॅपटॉप स्वच्छ कसा करायचा हा एक प्रश्न आणि तो ठेवण्याजोगा आहे का हा दुसरा. या दोन्हींची गल्लत झाली की ग्राहकाचे नुकसान ठरलेले.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांना एका दुकानात ‘व्हायरसने मदरबोर्ड गेला’ असे सांगितले होते. तिच्या पेन ड्राइव्हमधल्या प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर कोपऱ्यात छोटा बाण दिसत होता आणि आकार जेमतेम एक-दोन केबी, म्हणजे ते फोल्डर नव्हतेच, व्हायरसने बनवलेले शॉर्टकट होते. मूळ फाइली तिथेच लपवून ठेवलेल्या होत्या व त्या सुखरूप निघाल्या. लॅपटॉप सुरू होत होता, त्यामुळे मदरबोर्ड गेल्याचा प्रश्नच नव्हता. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे संगणकाचा कोणता भाग किती वापरात आहे हे दाखवणाऱ्या खिडकीत, मात्र काहीही न उघडता डिस्कचा वापर सतत शंभर टक्के दिसत होता आणि तपासणीत हार्ड डिस्क खराब होऊ लागल्याचा इशारा मिळाला. मागचे झाकण काढल्यावर पंख्याच्या जाळीत धुळीचा कापसासारखा थर निघाला. धूळ साफ करून, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही अधिक वेगवान डिस्क बसवून, त्यावर विंडोज नव्याने घातल्यावर तोच लॅपटॉप आज तिच्या अभ्यासाला पुरतो आहे. संथपणाचे सगळे खापर व्हायरसवर फुटले होते, आणि खरा दोष मरणपंथाला लागलेल्या डिस्कचा होता.

दुरुस्तीचा निर्णय झाला तरी ती कशी होते याकडे लक्ष द्यावे लागते. ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो’ असे म्हणत पुष्कळ ठिकाणी पायरेटेड, म्हणजे विनापरवाना विंडोज घातले जाते आणि ते चालू करण्यासाठी ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ हा परवान्याची तपासणी चुकवणारा प्रोग्राम वापरला जातो. हा अ‍ॅक्टिव्हेटर चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, एवढ्यावरूनच काय ते समजावे. ‘स्टॉप’ नावाचे रॅन्समवेअर तर मुख्यतः क्रॅक केलेल्या (परवान्याचे कुलूप तोडलेल्या) सॉफ्टवेअरमधूनच पसरले. रोगापेक्षा इलाज भयंकर तो हा. याची गरजही नसते, कारण ज्या लॅपटॉपबरोबर अस्सल विंडोज मिळाले होते त्याचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो आणि त्याच आवृत्तीचे विंडोज पुन्हा घालताना नव्याने पैसे द्यावे लागत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील मोफत साधनाने दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये विंडोज घालण्याची प्रत तयार करता येते.

फॉरमॅट करण्याची घाई मात्र दोन प्रसंगी करू नये. खात्यातून पैसे गेले असतील तर प्रथम इंटरनेट तोडावे, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत कळवावे, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार नुकसानीत ग्राहकाची जबाबदारी किती हे कळवण्याच्या वेळेवर अवलंबून असते. तपासासाठी लागणारा पुरावाही डिस्कवरच असतो. दुसरा प्रसंग रॅन्समवेअरचा. कुलूपबंद फाइलींची प्रत काढून ठेवावी, खंडणी देऊ नये आणि युरोपोल व नेदरलँड्सच्या पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांसह २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर तोडगा उपलब्ध आहे का ते पाहावे.

नवा लॅपटॉप घेणे योग्य ठरते अशी कारणे आहेतच, पण व्हायरस हे क्वचितच त्यांतले एक असते. बॅटरी फुगली असेल तर लॅपटॉप त्याच क्षणी वापरातून काढावा. ती बदलून मिळत नसेल, मदरबोर्ड खरोखर गेला असेल किंवा दुरुस्तीचा एकूण खर्च तशाच नव्या लॅपटॉपच्या निम्म्यावर जात असेल, तर माझ्या मते दुरुस्तीचा आग्रह धरू नये. यात विंडोजच्या वयाचाही विचार करावा लागतो. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सुरक्षा-सुधारणांचा नेहमीचा पुरवठा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा योजना नोंदणी करणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१८ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप त्यात बसत नाहीत. अशा लॅपटॉपवर ब्राउझर, पत्रलेखन आणि ऑनलाइन तासिका एवढेच काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबंटू ही प्रणाली मोफत घालता येते आणि त्यात मराठी टंकलेखनही नीट होते. टॅली या विंडोजवर चालणाऱ्या हिशेबाच्या प्रोग्रामवर काम करणाऱ्यांना मात्र तो मार्ग सोयीचा नाही.

नवा लॅपटॉप घेऊन जुना पेन ड्राइव्ह तसाच लावायचा आणि चोरीला गेलेले पासवर्डही तेच ठेवायचे, हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदलावेत, त्यातही ई-मेलचा आधी, कारण बाकीच्या खात्यांच्या किल्ल्या त्यातच असतात. जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये देताना फाइली नुसत्या डिलीट करून भागत नाही. त्या परत मिळवता येतात. डिस्क काढून घ्यावी किंवा पूर्ण पुसून द्यावी, आणि पूर्ण निकामी लॅपटॉप भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावा.

दुरुस्ती व्यावसायिकांना माझी विनंती आहे की दोष काय सापडला, कोणता भाग बदलला आणि विंडोज अस्सल आहे की नाही, हे त्यांनी पावतीवर लिहून द्यावे व काढलेला जुना भाग ग्राहकाला परत करावा. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या दुकानदारांचाच त्यात फायदा आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ने २०१७ पासून व्हायरस काढण्याची मोफत साधने उपलब्ध करून दिली आहेत, त्यांची माहिती आपल्या दैनिकाने प्रवेशाच्या काळात ठळकपणे छापावी. आणि महाविद्यालयांनी प्रवेश कक्षाच्या शेजारी एक संगणक फक्त विद्यार्थ्यांचे पेन ड्राइव्ह तपासण्यासाठी ठेवावा. आमच्या संगणक विभागातील मुले हे काम आनंदाने करतील.

कळावे,
आपली विश्वासू,
संगणकशास्त्राची एक प्राध्यापिका,
जि. सातारा