गाणं सोडण्याआधी वाटणी

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जोडगाण्याचा कच्चा मिक्स ऐकला. मुखडा लगेच तोंडात बसतो, आणि पाहुण्या गायकाचा आवाज तुझ्या आवाजाखाली छान बसलाय. तारीख ठरली, कव्हर ठरलं. वाटणीचं मात्र तुझ्या पत्रात अवाक्षर नाही, म्हणून हे लिहिते.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, आणि त्याचं हे जे रेकॉर्डिंग झालं, म्हणजे मास्टर, ती दुसरी. टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमचे मास्टर २०१९मध्ये तिसऱ्याच्याच हाती गेले, तरी करारातली बंधनाची मुदत सरल्यावर २०२१पासून तिने त्यातले काही अल्बम नव्याने रेकॉर्ड करून काढले. गाणी तिने लिहिलेली होती म्हणून ते जमलं.

तुमच्याकडे शब्द नि मुखडा तुझा, अंतऱ्याची चाल पाहुण्याची, आणि प्रोड्युसरने कॉर्ड्स बदलून मधला भाग रचला. समजा, लेखनात तुला ४५, त्याला ३५, प्रोड्युसरला २०. मास्टरची वाटणी वेगळी, कदाचित ४०-३०-३०. आकडे तिघांनी बसून ठरवा. बेरीज दोन्हीकडे नेमकी १०० यायला हवी. तोंडी ठरवलंत की प्रत्येक जण आपापल्या रॉयल्टी संस्थेत, म्हणजे गाण्याच्या हक्काचे पैसे गोळा करून देणाऱ्या संस्थेत, स्वतःच्या आठवणीप्रमाणे नोंद करतो, बेरीज १२० होते आणि वाद मिटेपर्यंत पैसे अडकून पडतात. प्रोड्युसरला ठोक मानधन दिलं असेल तर त्यावर मास्टरमधला वाटाही आहे की नाही, तेही लिहा. भांडणं बहुतेक तिथेच उगवतात. स्प्लिट शीट, म्हणजे वाटणीचा कागद, एका पानाची पुरते: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं कागदोपत्री नाव आणि स्टेजवरचं नाव, संस्थेचा सभासद क्रमांक, दोन्ही टक्के, सह्या. गाण्याने अजून एक पैसाही आणलेला नाही, तोवरच हे करून टाक. शून्यावरून कुणी भांडत नाही.

आता फाइली. पाहुण्याला एमपीथ्री पाठवू नकोस. एन्कोडिंगमध्ये सुरुवातीला किंचित शांतता चिकटते आणि आवाज तालाच्या मागे पडतो. २४ बिटची वेव्ह फाइल पाठव, आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली तो आकडा, प्रोजेक्टचाच ठेव. ४४.१ किलोहर्ट्झचा ट्रॅक रूपांतर न करता ४८ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये पडला तर तो सुमारे ९ टक्के जोरात पळतो आणि जवळजवळ दीड सेमीटोन वर चढतो. मग गायक बिचारा स्वतःच्या सुराला दोष देत बसतो! प्रत्येक स्टेम, म्हणजे एकेका वाद्याची किंवा आवाजाची वेगळी फाइल, शून्य सेकंदापासून काढ, त्यातला आवाज ४०व्या सेकंदाला येत असला तरी. गायनाची एक प्रत कोरडी, एक रिव्हर्बच्या घुमाऱ्यासकट. फाइलच्या नावात टेम्पो, पट्टी आणि आवृत्तीचा क्रमांक घाल. ‘फायनल’ हा शब्द मात्र नको, कारण ‘फायनल’नंतर ‘फायनल २’ येतंच.

डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणी पोचवणाऱ्या कंपनीकडे, गाणं चार आठवडे आधी चढव. स्पॉटिफायवर पिच, म्हणजे प्लेलिस्टसाठी गाणं सुचवणं, प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी करावं लागतं, आणि नाव चुकलं तर दुरुस्तीला आणखी वेळ. पाहुण्याच्या आर्टिस्ट पेजची लिंक त्याच्याकडूनच माग, नाहीतर गाणं त्याच्या नावाच्या भलत्याच कलाकाराच्या पानावर जाऊन बसतं. तो मुख्य कलाकार की फीचर्ड, हेही आधीच ठरव. मुख्य असेल तर गाणं त्याच्या स्वतःच्या गाण्यांत दिसेल, फीचर्ड असेल तर वेगळ्या रांगेत. आयएसआरसी हा १२ अक्षरांकांचा कोड त्या रेकॉर्डिंगला कायमचा चिकटलेला असतो; डिस्ट्रिब्युटर बदललास तरी तोच दे, नाहीतर आतापर्यंतचे प्ले तुटण्याचा धोका. अकूस्टिक आवृत्तीला मात्र नवा कोड.

सुरुवातीचा गिटार लूप सॅम्पल लायब्ररीतला, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या तयार तुकड्यांतला वाटतो. तसं असेल तर यूट्यूबचा कंटेंट आयडी, म्हणजे इतरांच्या व्हिडिओंत आपलं रेकॉर्डिंग ओळखून दावा लावणारी यंत्रणा, चालू करू नकोस. तोच लूप वापरणाऱ्या परक्यांच्या व्हिडिओंवर तुझा दावा लागेल आणि तक्रारी तुझ्याकडे येतील.

पैशाचं थोडक्यात सांगते. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक प्ले धरतात, आणि २०२४पासून मागच्या १२ महिन्यांत १,००० प्ले झाल्याशिवाय त्या गाण्याचे पैसे मिळत नाहीत. डिस्ट्रिब्युटर देतो ते मास्टरचे. शब्द-चालीचे रॉयल्टी संस्थेकडून किंवा पब्लिशिंग, म्हणजे शब्द-चालीचे हक्क, सांभाळणाऱ्याकडून येतात, आणि नोंद केली नाहीस तर वाटेतच राहतात.

आणि पाहुण्याला हे सगळ्यात आधी विचार: त्याचा कुठल्या लेबलशी, म्हणजे म्युझिक कंपनीशी, एक्सक्लुझिव्ह करार आहे का? असेल तर त्यांच्या लेखी परवानगीशिवाय गाणं चढवू नकोस, ते एका तक्रारीत उतरवू शकतात. ‘काही होत नाही गं’ असं तो म्हणाला, तरी कागद माग.

तुझी,
आई