ल्युपसच्या रुग्णाची लघवी कोण तपासणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० मे हा जागतिक ल्युपस दिन. त्या सुमारास वर्तमानपत्रांत या आजारावर दोन-चार लेख येतात आणि सोबत बहुतेक वेळा गालांवर फुलपाखरासारखे लाल चट्टे असलेल्या तरुणीचे चित्र असते. चित्र खोटे नाही, पण त्यामुळे ल्युपस म्हणजे कातडीचा आजार असा समज घट्ट होतो. या आजारात ज्या अवयवाला सर्वांत जास्त जपावे लागते, ती किडनी मात्र मुकाट बिघडते. दुखत नाही, खुपत नाही. पायांवर सूज दिसेपर्यंत लघवीतून कित्येक महिने प्रथिन वाहून गेलेले असते. नागपुरात गडचिरोली-गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण उपचाराला येतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या गावातल्या डॉक्टरांसाठी हे पत्र.

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया असतात, बहुतेक १५ ते ४५ वयाच्या. सकाळी बोटांचे सांधे आखडणे, मूठभर केस गळणे, तोंडात टाळूवर न दुखणारे व्रण, उन्हानंतर उठणारे चट्टे, हटत नाही असा बारीक ताप, अशी सुरुवात होते. विदर्भात ही लक्षणे दुसऱ्याच खात्यात जमा होतात. पावसाळ्यात ताप आणि प्लेटलेट कमी म्हटले की डेंग्यू. विडाल पॉझिटिव्ह आली की टायफॉइड. रक्त कमी आणि सांधे दुखतात म्हटले की सिकलसेल. हे आजार आपल्याकडे आहेतच, आणि सिकलसेल व ल्युपस एकाच व्यक्तीला असू शकतात. पण डेंग्यूतल्या प्लेटलेट आठवडा-दहा दिवसांत सावरतात. ताप तीन आठवड्यांवर गेला, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खालीच राहिल्या, तर ल्युपसचा विचार करायलाच हवा. चेहऱ्यावरचा चट्टाही नीट पाहावा. ल्युपसचा चट्टा गाल आणि नाकाचा दांडा व्यापतो, पण नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी मोकळी सोडतो. त्याला वांग समजून दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले गोरेपणाचे क्रीम लावले की चट्टा फिका पडतो आणि निदान मागे पडते.

एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींवर उलटणारी प्रतिपिंडे रक्तात शोधणारी तपासणी. तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. ल्युपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात ती पॉझिटिव्ह येते, पण पॉझिटिव्ह आली म्हणजे ल्युपस झाला असे नव्हे. १:१६० टायटरला, म्हणजे नमुना १६० पट पातळ करूनसुद्धा, साधारण वीस निरोगी माणसांत एकाची पॉझिटिव्ह येते. त्यामुळे नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला रिपोर्ट अर्धवट समजावा. तपासणी कोणत्या पद्धतीने केली, टायटर किती आणि पॅटर्न (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी नक्षी) कोणता, हे तिन्ही प्रयोगशाळेने लिहायला हवे. निदान झाल्यावर दर भेटीला पुन्हा एएनए करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, कारण तिच्यावरून आजार वाढला की शमला ते कळत नाही. त्यासाठी डीएस-डीएनए (डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे), सी-३ व सी-४ (आजार उसळला की खर्ची पडणारी रक्तातली प्रथिने), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारे) आणि लघवी बघावी लागते. डीएस-डीएनए चढत आणि सी-३ उतरत चालले असेल, तर रुग्णाला बरे वाटत असले तरी पुढची तारीख अलीकडे आणावी.

या यादीत सर्वांत स्वस्त तपासणी लघवीची, आणि नेमकी तीच वगळली जाते. आजार चालू असताना दर तीन महिन्यांनी रुटीन-मायक्रोस्कोपी आणि प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो (लघवीतल्या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी प्रमाण) करावा. सकाळची पहिली लघवी घ्यावी. सुरुवातीची धार सोडून मधली. पाळीच्या दिवसांत नमुना देऊ नये, कारण तेव्हा तांबड्या पेशी दिसतातच. नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावा. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात पिशवीत पडून राहिलेल्या बाटलीत पेशी फुटतात, कास्ट विरघळतात आणि रिपोर्ट खोटाच ‘नॉर्मल’ येतो. कास्ट म्हणजे किडनीच्या सूक्ष्म नळ्यांत तयार झालेले साचे. तांबड्या पेशींचा एक कास्ट दिसला तरी किडनीत दाह चालू असल्याचा तो पुरावा असतो. म्हणून तंत्रज्ञाने नमुना ताजा असताना सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहायला हवा, पट्टी बुडवून भागत नाही.

रेशो ०.५ किंवा त्याहून जास्त आला आणि मूत्रमार्गाचा संसर्ग नाही असे ठरले, की बायोप्सी लागते. तिची भीती खूप आहे. सोनोग्राफीत बघत, जागा बधिर करून, सुईने किडनीचा बारीक तुकडा काढतात आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवण्यासाठी रुग्णाला झोपवून ठेवतात. त्या तुकड्यावरून आजार कोणत्या वर्गाचा ते कळते. तिसऱ्या-चौथ्या वर्गाला मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइडसारखी जोरकस औषधे लागतात, दुसऱ्या वर्गाला सहसा लागत नाहीत. हे अंदाजाने ठरवणे म्हणजे कुणाला कमी, कुणाला नको तितके औषध देणे.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हा उपचाराचा पाया आहे. २०२० मध्ये कोविडसाठी म्हणून लोकांनी हीच गोळी साठवली आणि ल्युपसच्या रुग्णांना ती मिळेनाशी झाली. तिचा डोस वजनावर ठरतो, दिवसाला किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत. ५० किलोच्या बाईला २५० मिलिग्रॅम, म्हणजे एक दिवस २०० आणि एक दिवस ३००. तिला रोज ४०० दिले तर किलोमागे ८ होतात आणि पुढे डोळ्याच्या पडद्याला इजा होण्याचा धोका वाढतो. आपल्याकडच्या किडकिडीत मुलींच्या बाबतीत हा हिशेब हमखास चुकतो. पहिल्या वर्षात एकदा डोळे तपासावेत आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, ओसीटी (पडद्याचा स्कॅन) आणि फील्ड टेस्टसह (नजरेच्या कक्षेची तपासणी). किडनी अधू असेल तर त्याआधीपासूनच दरवर्षी. गोळी जेवणासोबत घ्यावी. तिचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. त्याआधीच ‘फरक नाही’ म्हणून सोडणारे बरेच असतात.

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे उलटे आहे. दोन दिवसांत ताप उतरतो, सांधे मोकळे होतात, म्हणून रुग्ण आणि कधी डॉक्टरही त्यातच अडकतात. रोजचा डोस ५ मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली आणणे हे उद्दिष्ट असते. दुसरी औषधे त्यासाठीच असतात. अनेक आठवडे घेतलेली ही गोळी एकदम बंद करू नये. अ‍ॅड्रिनल ग्रंथी (शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणारी) झोपलेली असते, रक्तदाब कोसळून जीवावर बेतते. उलटी-जुलाबामुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. ताप आला म्हणून घरीच डोस वाढवणेही तितकेच धोक्याचे. आजार उसळला तरी सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारी तपासणी) बरेचदा फारसा वाढत नाही. तो खूप वाढला असेल तर आधी संसर्ग शोधावा, आणि आपल्याकडे त्यात टीबी आणि स्क्रब टायफस धरावेत. सांधेदुखीवर दुकानातून डायक्लोफेनॅक नको, किडनीला झेपत नाही. ‘इम्युनिटी’ वाढवणारे काढेही नकोत. इथे प्रतिकारशक्ती आधीच भडकलेली असते, आणि गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आल्याच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी कोविडकाळात प्रसिद्ध केल्या आहेत.

सर्वांत जास्त नुकसान लग्नाच्या वेळी होते, हे स्पष्ट लिहायला हवे. मुलीचे लग्न ठरले की गोळ्यांची पाकिटे लपतात, सासरी कळू नये म्हणून औषध बंद होते आणि वर्षभरात आजार उसळतो, पुष्कळदा गरोदरपणातच. ल्युपस असलेल्या स्त्रीला मूल होऊ शकते. अट एवढीच की आजार, विशेषतः किडनीचा, निदान सहा महिने शांत असावा आणि औषधे आधी बदललेली असावीत. मायकोफेनोलेटमुळे गर्भात व्यंग येते. ते किमान सहा आठवडे आधी थांबवून अ‍ॅझाथायोप्रिन सुरू करतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन गरोदरपणातही चालूच ठेवायचे असते. अँटी-रो आणि अँटीफॉस्फोलिपिड या तपासण्या गर्भ राहण्याआधी व्हाव्यात. पहिलीमुळे बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा धोका कळतो, दुसरीमुळे रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपाताचा. दुसरी पॉझिटिव्ह आली तर बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. मुलीच्या आईवडिलांनी होणाऱ्या जावयाला सोबत घेऊन एकदा तज्ज्ञाकडे जावे, लपवण्यापेक्षा ते कितीतरी सोपे आहे.

उन्हाबद्दल थोडे. नागपूरच्या मुली गाडीवर स्कार्फ बांधतातच, पण तो उन्हाच्या झळांसाठी. पातळ पांढऱ्या सुती कापडातून अतिनील किरण बऱ्यापैकी आत येतात. घट्ट विणीचे गडद कापड बरे. एसपीएफ ३० किंवा ५० चे सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीइतके काढून चेहऱ्याला आणि मानेला लावावे, निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटे, आणि दर दोन तासांनी किंवा घाम आला की पुन्हा. ढगाळ दिवशीही, गाडीच्या काचेआडही. ऊन टाळल्याने ड जीवनसत्त्व कमी पडते, तेही तपासावे.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टला मराठीत आपण संधिवाततज्ज्ञ म्हणतो, म्हणून लोकांना वाटते ते म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचे डॉक्टर. ल्युपसचा उपचार त्यांनी ठरवावा आणि गरजेप्रमाणे किडनीतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ जोडावेत. पण अहेरी किंवा सालेकशाच्या रुग्णाने प्रत्येक वेळी नागपूर गाठलेच पाहिजे असे नाही. सीबीसी, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी तालुक्यात होते. रिपोर्ट फोनवर पाठवता येतो. तिथे रेशो होत नसेल तर साधी पट्टी लावून प्रथिन पाहावे, आणि रक्तदाब दर महिन्याला मोजावा. पट्टीवर दोन प्लस आले, रक्तदाब १४०/९० च्या वर गेला किंवा सकाळी पापण्या सुजल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात यावे, सगळ्या जुन्या रिपोर्टांची फाईल आणि चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे बरोबर घेऊन.

आपले,
संधिवात उपचारात काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका,
नागपूर