राजापूर मतदारसंघाची कागदपत्रे जपा : मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. मुख्य निवडणूक अधिकारी,
महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

राजापूर या कोकणातल्या मतदारसंघाचे नाव लोकसभेच्या यादीतून २००८च्या मतदारसंघ पुनर्रचनेत गेले. त्या आधीच्या १३ सार्वत्रिक निवडणुकांत, म्हणजे १९५७ ते २००४ या काळात, या मतदारसंघाने फक्त चार खासदार निवडले. बॅरिस्टर नाथ पै तीनदा, मधु दंडवते सलग पाचदा, १९९१ला सुधीर सावंत आणि त्यानंतर चारदा सुरेश प्रभू. गोलकनाथ खटल्याच्या निकालाने मूलभूत हक्कांत दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार काढून घेतल्यावर तो परत यावा म्हणून खासगी विधेयक आणणारे नाथ पै इथले. रेल्वेमंत्री आणि पुढे अर्थमंत्री झालेले दंडवतेही इथूनच निवडून गेले. खेड्यापाड्यांच्या, मनीऑर्डरवर चालणाऱ्या या मुलखाने एवढी मोठी माणसे दिल्लीला पाठवली, त्या मतदानाचा गावनिहाय हिशेब मात्र आज कोणाला सलग मांडता येत नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

मतदारसंघ का गेला, हे आधी आकड्यांत सांगतो, कारण त्याबद्दल कोकणात बरेच गैरसमज आहेत. २००२च्या कायद्याखालील पुनर्रचना आयोगाने २००१ची जनगणना धरली. राज्याची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ आणि विधानसभेच्या जागा २८८, म्हणजे एका जागेमागे सुमारे ३,३६,३८४ माणसे. सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५. भागाकार येतो २.५८, म्हणून तीन जागा. रत्नागिरीची १६,९६,७७७, भागाकार ५.०४, म्हणून पाच. रायगडला याच हिशेबाने सात. तिन्ही जिल्हे मिळून पंधरा. लोकसभेच्या एका जागेत विधानसभेच्या सहा जागा पूर्ण बसवायच्या, त्यामुळे बारा जागांचे दोन मतदारसंघ झाले आणि पनवेल, कर्जत व उरण या तीन जागा घाट ओलांडून मावळ लोकसभा मतदारसंघात गेल्या. कुलाबा (रायगडचे जुने नाव), रत्नागिरी आणि राजापूर या तीन जागांच्या जागी रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग या दोन उरल्या. त्याच वेळी जुन्या ठाणे जिल्ह्यात दोनाच्या चार झाल्या. हा सारा लोकसंख्येचा गुणाकार-भागाकार आहे. कोणी कोकणावर डूख धरला म्हणून हे झाले, असे आम्हाला वाटत नाही. पण हिशेब बरोबर असला तरी विधानसभेच्या यादीतून देवगड, मालवण आणि वेंगुर्ले ही तिन्ही नावे पुसली गेली, हेही खरे.

इथून पुढे नोंदींचा घोळ सुरू होतो. रत्नागिरी-सिंधुदुर्ग म्हणजे राजापूरचेच नवे नाव, असे समजून २००४ आणि २००९चे आकडे शेजारी-शेजारी ठेवले जातात आणि मतांची टक्केवारी अमुक इतकी घसरली किंवा वाढली असे लिहिले जाते. ही तुलना चूक आहे. चिपळूण राजापुरात कधीच नव्हते, ते रत्नागिरी मतदारसंघात होते. उलट त्या जुन्या रत्नागिरीतले दापोली आणि गुहागर आता रायगडात मोजले जातात. दुसरी चूक जिल्ह्याच्या नावाची. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला झाला. त्या आधीची राजापूरची प्रत्येक निवडणूक रत्नागिरी जिल्ह्याच्या नावावर आहे, त्यामुळे ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गच्या मुख्यालयी, शोधणाऱ्याच्या हाती १९८०पर्यंतचे काही लागत नाही.

तिसरी अडचण मोजणीची आहे आणि तीच सर्वांत मोठी. १९५७ला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, शिक्के मारण्याची पद्धत नंतर आली. पुढे ज्या निवडणुकांत मतपत्रिका मिसळून मोजल्या गेल्या, त्यांचे केंद्रनिहाय आकडे तेव्हाच कायमचे गेले, ते आता कुठूनही निघणार नाहीत. २००४ची लोकसभा निवडणूक सर्वत्र मतदान यंत्रांवर झाली. म्हणजे राजापूरची शेवटची निवडणूकच अशी आहे की जिचे प्रत्येक केंद्राचे आकडे खात्रीने कागदावर उतरले. तो कागद म्हणजे फॉर्म २०, अंतिम निकालपत्रक.

नुसता फॉर्म २० पुरत नाही. त्यात केंद्राचा क्रमांक आणि मते असतात, गावाचे नाव असेलच असे नाही. केंद्रांचे क्रमांक मतदारयादीच्या दर पुनरीक्षणात सरकतात, म्हणून त्याच वर्षीची मतदान केंद्रांची यादी सोबत हवी, ज्यात कोणत्या केंद्राला कोणती गावे आणि वाड्या जोडल्या आहेत ते असते. मतदारसंघाच्या हद्दी तालुका, महसूल मंडळ आणि काही ठिकाणी तलाठी सझा (एका तलाठ्याकडची गावे) अशा सांगितलेल्या असतात. सझांची नंतर पुनर्रचना झाली, तेव्हा २००८चे वर्णन आजच्या नकाशावर जसेच्या तसे बसत नाही. जनगणनेतील गावांचे संकेतांकही २०११ला बदलले. हे चार धागे एका तक्त्यात जुळवल्याशिवाय राजापूरचे एकही गाव २००४ वरून २००९ वर नेता येत नाही.

आमची मागणी एवढीच. २००४चा राजापूर मतदारसंघाचा संपूर्ण फॉर्म २० आणि त्या वेळची केंद्रयादी शोधून, स्कॅन करून आपल्या संकेतस्थळावर ठेवावी. सोबत जुळणी तक्ता करावा. त्याचा पाया महसुली गाव असावा, वाडी नव्हे, कारण कोकणात एका गावाच्या वाड्या दोन-तीन केंद्रांत विखुरलेल्या असतात. अशी केंद्रे फक्त त्याच गावाची असतील तर त्यांची बेरीज करावी. एका केंद्रात दोन गावे असतील तर ती जोडी एकत्रच दाखवावी, अंदाजाने मते वाटू नयेत. अंदाजाने वाटलेला आकडा एकदा छापला गेला की पुढे तोच खरा धरला जातो.

घाई करण्याचे कारण आहे. २०२७ची जनगणना येते आहे आणि पुढची पुनर्रचना केव्हाही दाराशी येईल. २०११च्या आकड्यांवरच पाहिले तर, जागा २८८ धरून, सिंधुदुर्गचा भागाकार २.१८ येतो आणि रत्नागिरीचा ४.१४. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१पेक्षा कमी झाली आहे. जागांची एकूण संख्या वाढली नाही तर कुडाळ, कणकवली आणि सावंतवाडी यांतलेही एक नाव जाऊ शकते. राजापुरासारखीच खेड (पुणे जिल्हा), कराड, पंढरपूर, कोपरगाव, एरंडोल, वाशिम आणि इचलकरंजी ही नावेही २००८ला गेली, त्यांचीही कागदपत्रे याच रीतीने लावता येतील. सुरुवात राजापूरपासून करावी आणि नव्या हद्दी जाहीर होण्याआधी आजच्या ४८ मतदारसंघांचा असाच तक्ता तयार ठेवावा.

आपले,
कोकणच्या निवडणूक इतिहासाचे अभ्यासक